यंत्राचा डोळा आणि माणसाचा हुकूम



कागदाची नक्कल करून घेणे हे काही आपल्याला नवे नाही. जुन्या कचेऱ्यांत नकला करणारा कारकून असे आणि काम देताना त्याला चार गोष्टी बजावून सांगाव्या लागत. खाडाखोड असेल तर ती तशीच दाखवा, शिक्का कोठे आहे ते नोंदवा, पाठीमागचा शेरा विसरू नका. आज तेच काम स्कॅनर नावाचे यंत्र करते. काचेवर कागद पालथा घालावा, काचेखालून एक दिवा सरकत जावा आणि पडद्यावर चित्र उमटावे, इतके ते सोपे झाले आहे. परंतु या सोपेपणामुळे एक गोष्ट आपल्या नजरेआड झाली. यंत्रालाही बजावून सांगावे लागते. आपण काही सांगितले नाही म्हणून त्याचे काम अडत नाही. ते आपल्या मताने करून मोकळे होते. आणि यंत्राचे मत म्हणजे अखेर कारखान्यातल्या कोणीतरी आधी ठरवून ठेवलेले मत.

या सांगण्याचाच इतिहास आज आपणापुढे मांडायचा आहे. यंत्राचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्याला हुकूम कोणी द्यायचा, कोणत्या भाषेत द्यायचा आणि तो पाळला की नाही हे कसे कळायचे, या बाजूकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

स्कॅनर संगणकाबरोबर जन्माला आला असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याची मूळ कल्पना टेलिफोनहूनही जुनी आहे. अलेक्झांडर बेन हा स्कॉटलंडमधला घड्याळजी. विजेवर चालणारे घड्याळ करण्याच्या खटपटीत असताना त्याला एक युक्ती सुचली आणि १८४३ साली त्याने तिचे पेटंट घेतले. एका लंबकाला धातूची टोकदार कांडी लावायची. लंबक हलला की ती धातूच्या खिळ्यांवरून घासत जाईल. जेथे अक्षराचा उंचवटा लागेल तेथे वीज वाहील, नसेल तेथे थांबेल. प्रत्येक झोक्यानंतर खिळ्यांची चौकट केसभर खाली सरकायची. दूरच्या गावी असाच दुसरा लंबक त्याच तालावर झुलत असेल आणि त्याच्याखाली रसायनात भिजवलेला कागद असेल. वीज आली की त्या कागदावर डाग उमटेल. ओळीमागून ओळ असे डाग जुळत गेले की मूळ अक्षर परगावी तयार. हे वर्णन लक्षपूर्वक ऐकले तर ध्यानात येईल की आजच्या स्कॅनरमधील मुख्य विचार यात सगळा आला आहे. वस्तू एकदम पाहायची नाही. ती ओळीओळीने चाचपायची आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा, 'येथे काही आहे की नाही?'

बेनची युक्ती व्यवहारात रुळली नाही. फ्रेडरिक बेकवेल याने आपले फिरत्या नळकांड्याचे यंत्र १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले, पण तेही लोकांच्या उपयोगाला आले नाही. ते यश मिळाले जोव्हानी कासेली या इटालियन धर्मगुरूला. माणसापेक्षा उंच लंबक असलेले त्याचे 'पँटेलेग्राफ' यंत्र १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांच्या दरम्यान रीतसर टपालसेवेत दाखल झाले. लोकांनी त्याचा उपयोग प्रेमपत्रांसाठी केला नाही. तो मुख्यतः पेढीच्या व्यवहारातील सह्या पडताळण्यासाठी झाला. नक्कल अस्सलाबरहुकूम आहे की नाही, हा प्रश्न या यंत्राच्या पाळण्यातच त्याच्यासोबत होता, असे म्हटले तरी चालेल.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. ओळी किती बारीक घ्यायच्या, किती फिकट शाई 'आहे' म्हणायची, याचा निर्णय लोखंडात आणि पितळेत झालेला असे. लंबकाची लांबी आणि चौकटीचे दाते हेच यंत्राचे कायदे. वापरणाऱ्याला सांगण्यासारखे काही उरतच नसे.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने उघडा पडला १९५७ साली. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत 'सीॲक' नावाचा संगणक होता. रसेल कर्श आणि त्याचे सहकारी यांनी त्याला एक फिरते पिंप जोडले. पिंपावर छायाचित्र गुंडाळायचे, त्यावर प्रकाश टाकायचा आणि परावर्तित उजेड एका नळीने मोजायचा. पहिले चित्र त्याने घेतले ते आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे, वॉल्डनचे. चित्राची बाजू पाच सेंटिमीटर. तिचे १७६ भाग, तसेच दुसऱ्या बाजूचेही १७६. एकूण ३०,९७६ ठिपके. आजच्या हिशेबाने हे चित्र एखाद्या तिकिटाएवढेही भरणार नाही, परंतु संगणकाच्या डोळ्याने पाहिलेला तो पहिला चेहरा होय.

येथे थोडे थांबले पाहिजे. कर्शच्या यंत्राला प्रत्येक ठिपक्याविषयी एकच उत्तर देता येत होते: काळा किंवा पांढरा. पण बाळाचा गाल काळाही नसतो आणि पांढराही नसतो. मग ठरवायचे कसे? कोठेतरी एक उंबरठा घालावा लागतो. इतक्या उजेडाच्या अलीकडचे सारे काळे, पलीकडचे सारे पांढरे. उंबरठा वर केला की सावल्या पसरतात, खाली केला की डोळ्यांच्या पापण्यादेखील नाहीशा होतात. कर्शने काय केले, तर एकाच छायाचित्राची वेगवेगळे उंबरठे घालून अनेक वाचने घेतली आणि ती एकमेकांवर रचून करड्या छटा मिळवल्या. छायाचित्र एकच, यंत्र एकच, पण दर खेपेस चित्र निराळे; कारण हुकूम निराळा होता. स्कॅनरने काढलेले चित्र म्हणजे कागद नव्हे. आपण विचारलेल्या प्रश्नाला यंत्राने दिलेले ते उत्तर आहे, हे त्या प्रयोगातच सिद्ध झाले होते. सर्वसामान्य माणसापर्यंत ते पोचायला मात्र फार काळ लागला, आणि अजूनही ते पुरते पोचले आहे असे मला वाटत नाही.

पुढची मोठी पायरी १९६९ ची. त्या वर्षी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ती विजेची पुडकी हातोहात पुढे सरकवणारी एक चकती कल्पिली. सीसीडी या नावाने ती ओळखली जाते. तिच्याबद्दल त्या दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रे कर्झवाइल याने अंधांसाठी पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र १९७६ च्या जानेवारीत लोकांपुढे आणले, त्यात हाच डोळा सपाट काचेखाली बसवला होता. आपल्या टेबलावरचा स्कॅनर त्याच वंशातला.

योगायोग असा की त्याच १९६९ साली, त्याच प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन एका निराळ्याच कामात गुंतला होता. युनिक्स ही संगणकाची कारभारव्यवस्था त्याच्या हातून आकाराला येत होती. तिच्यात माणसाने यंत्राशी बोलायचे ते एका ओळीत शब्द टंकून. आधी कामाचे नाव, मग ते काम कसे करायचे त्याच्या अटी, आणि अटींच्या आधी ओळख म्हणून एक आडवी रेघ. आपल्या जुन्या हुकूमनाम्यांसारखीच ही रचना आहे: काय करावे आणि कोणत्या शर्तींवर. यंत्राचा डोळा आणि हुकुमाची ओळ ही दोन्ही एका छपराखाली जन्मली, पण त्यांची गाठ पडायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात काय झाले? स्कॅनर स्वस्त झाले आणि डझनावारी कंपन्या ते करू लागल्या. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी. यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये दुभाषा लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. मोटार हाकणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. आपण साध्या शब्दांत सांगितलेले तो यंत्राच्या बोलीत सांगतो आणि यंत्राचे उत्तर आपल्याला आणून देतो. जितकी यंत्रे, तितके दुभाषे. आणि चित्रे हाताळणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला या सर्वांशी वेगवेगळे जमवून घ्यावे लागे. हा घोळ मिटवण्यासाठी अमेरिकेतील काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९९२ साली 'ट्वेन' नावाचा सर्वमान्य संकेत प्रसिद्ध केला. ट्वेन म्हणजे 'दोघे'. किपलिंगच्या पूर्व आणि पश्चिम यांवरील प्रसिद्ध कवितेतून हा शब्द उचललेला आहे. संगणक आणि स्कॅनर यांची गाठ घालणे किती अवघड, हे त्यातून थट्टेने सुचवायचे होते. त्या किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, आणि तोही कासेलीचे यंत्र ज्या वर्षी टपालात रुजू झाले त्याच १८६५ सालचा. असो.

ट्वेनने पुष्कळ काम केले आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात एक मेख होती. दुभाषा आणि त्याची खिडकी ही बहुधा एकत्रच येत. म्हणजे यंत्राला काय सांगायचे ते कंपनीने सजवलेल्या चौकटीत, कंपनीने दिलेली बटणे दाबूनच सांगायचे. जी गोष्ट त्या खिडकीत मांडलेली नाही, ती विचारण्याची सोय नाही. एखाद्या ग्रंथालयाला दहा हजार पाने एकाच रीतीने घ्यायची असतील, तरी कोणीतरी बसून खिडकीतली बटणे दाबत राहायचे. आणि तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस बसला की एखादे बटण निराळे दाबले जायचे. ते निराळे दाबले गेले याची नोंद कोठेही राहायची नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत या अडचणीवर एक उत्तर निघाले. डेव्हिड मोसबर्गर, अँड्रियास बेक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सेन' नावाचा नवा संकेत रचला. स्कॅनर आता सहज हाती येईल, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. आणि सेन म्हणजे शहाणा, असा श्लेषही त्यात आहे. हा संकेत त्यांनी कोणाच्या मालकीचा ठेवला नाही, सर्वांना मोकळा केला. त्यातली मुख्य कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. दुभाषा वेगळा आणि खिडकी वेगळी. दुभाष्याने फक्त एवढे करायचे की विचारल्याबरोबर आपल्या यंत्राची संपूर्ण ओळख करून द्यायची. माझ्याकडे इतक्या अटी आहेत. ही अट या नावाची. ती आकड्यात सांगावी लागते, की शब्दात, की नुसत्या हो-नाहीत. तिचे माप मिलिमीटर, की इंचातले ठिपके, की शेकडा प्रमाण. ती अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत चालते आणि इतक्या पायऱ्यांनी चढते. सध्या ती लागू आहे की निष्क्रिय. एवढी ओळख मिळाली की पुढे खिडकी कोणीही बांधावी. किंवा बांधूच नये आणि हुकूम सरळ एका ओळीत टंकावा.

हे ओळीतले काम करणाऱ्या आज्ञेचे नाव 'स्कॅनइमेज'. तिचा उपयोग कसा होतो ते थोडक्यात सांगतो. ओळ प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकावी लागते, आपण ती मराठी उच्चाराने बोलू. प्रथम नुसते 'स्कॅनइमेज' आणि त्यापुढे रेघ देऊन मोठा एल. संगणक जोडलेल्या यंत्रांची नावे सांगतो. मग त्यातले एक नाव घेऊन मोठा ए. आता त्या यंत्राच्या सर्व अटींची यादी पडद्यावर येते, त्यांच्या मर्यादांसह आणि न सांगितल्यास काय धरले जाईल त्याच्यासह. माझ्या मते ही यादी वाचणे हाच या विद्येचा अर्धा भाग आहे. कंपनीच्या खिडकीत कधी न दिसलेल्या गोष्टी तेथे सापडतात. त्यानंतर हुकूम: दोन रेघा, 'मोड', आणि रंगीत की करडे की नुसते काळेपांढरे, दोन रेघा, 'रिझोल्यूशन', आणि इंचात किती ठिपके, कागदाचा कोणता भाग ते मिलिमीटरमध्ये, कागद काचेवर आहे की वरच्या खोक्यातून एकेक ओढायचा आहे, ते 'सोर्स' या शब्दाने. शंभर पाने असतील तर 'बॅच' म्हणायचे, म्हणजे प्रत्येक पानाला क्रमांक पडत जातो. यंत्र एकाच बाजूने वाचत असेल तर आधी पुढच्या बाजू दोनदोनच्या टप्प्याने १, ३, ५ अशा घ्यायच्या आणि मग मागच्या बाजू २ पासून. त्यासाठीही अट आहे.

या बोलण्यात काही खाचखळगे आहेत. एका दुभाष्याला 'लाइनआर्ट' म्हटले की काळेपांढरे कळते, दुसऱ्याला तेच 'बायनरी' म्हणावे लागते. म्हणून एका यंत्रासाठी लिहिलेली ओळ दुसऱ्यापुढे डोळे मिटून चालवू नये. उंबरठ्याची अट यादीत बहुधा निष्क्रिय दाखवलेली असते. काळ्यापांढऱ्याचा मोड निवडला की ती जागी होते, कारण करड्या चित्राला उंबरठा हवाच कशाला? तेव्हा आधी मोड, मग उंबरठा, हा क्रम सांभाळावा. आणि एक गोष्ट तर मला विशेष आवडते. तुम्ही इंचाला ३१० ठिपके मागितले आणि यंत्राला ३०० च जमत असतील, तर दुभाषा मुकाट्याने ३०० देत नाही. ३१० चे ३०० केले आहेत, असे आज्ञा आपल्याला कळवते. हुकूम जसाच्या तसा पाळता आला नाही, हे सांगण्याची सोय संकेतातच करून ठेवली आहे. पुष्कळ माणसांच्या कारभारातही ती नसते.

आता कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यांशी आपल्याला काय करायचे? आपल्याच शहराचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल आपणा सर्वांना ऐकून ठाऊक आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत प्रसिद्ध केले, तरी तो निवडलेला अंशच होता. असा एखादा मोडी कागद डोळ्यांपुढे आणा. आधी पानभर शिरोरेषा ओढलेली, तिला लोंबणारी अक्षरे, शब्दांमध्ये जागा नाही. बोरू दौतीत बुडवल्याबरोबरची दोन अक्षरे गडद, पुढची फिकी, पुन्हा बुडवल्यावर गडद. कागद पिवळसर, पाठीमागची शाई पुढे पाझरलेली. हा कागद काळ्यापांढऱ्याच्या मोडमध्ये घातला, तर उंबरठा कोठेही ठेवा, काहीतरी जाणारच. खाली ठेवाल तर फिकी अक्षरे नाहीशी होतील. वर चढवाल तर पाठीमागची शाई पुढच्या मजकुरात मिसळेल आणि मोडीतला एखादा फराटा भलत्याच अक्षराचा होईल. करड्यात घ्याल तर अक्षर वाचेल, पण लाल शाई आणि काळी शाई यांतला भेद जाईल.

मग सगळे रंगीतच का घेऊ नये? त्याचीही किंमत आहे. नेहमीच्या ए-फोर आकाराच्या पानाचे इंचाला ३०० ठिपक्यांनी सुमारे ८७ लाख ठिपके होतात. काळ्यापांढऱ्यात त्याला अकरा लाख बाइट लागतात, करड्यात ८७ लाख आणि रंगीत घेतले तर २ कोटी ६१ लाख. ठिपके ३०० चे ६०० केले की हे सारे चौपट. लाखो पानांचा संग्रह असेल तर हा आकडा खर्चाच्या कागदावर उठून दिसतो, आणि काटकसर करणारा अधिकारी काळ्यापांढऱ्याकडे वळतो. काही दुभाषे तर काहीच सांगितले नाही की काळेपांढरेच धरतात. चित्रे निघाली की जागा अडते म्हणून मूळ कागद रद्दीत जाण्याचा धोका असतो. तो गेला की उंबरठा पुन्हा बदलून पाहता येत नाही. कर्शला आपल्या मुलाचे छायाचित्र पिंपावर परत परत गुंडाळता आले. ती सवलत येथे उरत नाही.

न सांगता झालेल्या निर्णयाने काय होते याचा एक प्रसिद्ध दाखला २०१३ चा आहे. जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाच्या पाहण्यात एका घराचा नकाशा आला. झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या कचेरीयंत्रावर तो स्कॅन केलेला होता. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर अशी तीन निराळी होती. यंत्रातून आलेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३. अक्षरे धूसर झाली नव्हती, उलट अगदी स्वच्छ छापली होती. चित्र आटोपशीर करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे आकडे एकाच साच्याने भरत होते. त्याच कारणाने सहाचे आठ झालेलेही आढळले. कंपनीने प्रथम सांगितले की हे हलक्या प्रतीच्या मोडमध्येच होते आणि तशी सूचना यंत्रावर दिलेली आहे. पुढे वरच्या मोडमध्येही तो दोष असल्याचे तिला मान्य करावे लागले आणि दुरुस्ती पाठवावी लागली. कारकुनाने आकडा चुकवला तर निदान त्याचे अक्षर गिचमिड दिसते आणि आपण संशय घेतो. येथे संशयाला जागाच नव्हती.

ओळीत टंकलेल्या हुकुमाचा मोठा गुण येथे कामाला येतो. तो लिहिलेला असतो. चित्रांच्या शेजारी ती एक ओळ जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला कळते की हे पान करड्यात, इंचाला ४०० ठिपक्यांनी, अमुक यंत्रावर घेतले. तेव्हा येथे लाल शाई दिसत नाही याचा अर्थ ती नव्हती असा होत नाही. बटण दाबणाऱ्या बोटाची अशी आठवण कोणी ठेवत नाही.

आणखी एक बाजू सांगून संपवतो. कंपन्या जुन्या यंत्रांचे दुभाषे नव्या संगणकांसाठी करून देण्याचे काही वर्षांनी थांबवतात, आणि चांगले धडधाकट यंत्र भंगारात जाते. सेनच्या मंडळींनी अशी कितीतरी यंत्रे जगवली. कंपनीने बोलीची माहिती दिली तर ठीक. न दिली तर यंत्र आणि संगणक यांच्यात तारेवरून काय बोलणे चालते ते टिपून घेऊन, एकेक शब्दाचा अर्थ लावून त्यांनी दुभाषे लिहिले. मोडी शिकल्याशिवाय रुमाल सोडणाऱ्या माणसाला जे करावे लागले असते, तेच हे काम. अलीकडच्या काही वर्षांत वारे बदलले आहे. नवी यंत्रे जाळ्यावर जोडली की स्वतःच आपल्या अटींची यादी एका ठरलेल्या भाषेत सांगतात आणि कंपनीचा वेगळा दुभाषा लागत नाही. सेनमध्ये या यंत्रांसाठी 'एअरस्कॅन' नावाचा सामाईक दुभाषा आहे. यंत्राने विचारल्याबरोबर आपली ओळख द्यावी, ही जी मागणी पूर्वी दुभाष्याकडे केली होती, ती आता यंत्राच्याच पोटात शिरली. मात्र यादी अजूनही मागावी लागते. 'स्कॅनइमेज', यंत्राचे नाव, एक रेघ आणि मोठा ए.